लहान मुलाच्या हाती धनुष्य

— द्वितीय वर्ष कला (इतिहास)

धनुर्विद्येचा विषय निघाला की द्रोणाचार्यांनी घेतलेली ती परीक्षा आपणां सर्वांना आठवते. झाडाच्या शेंड्यावर पक्षी, आणि 'तुला काय दिसते?' हा प्रश्न. युधिष्ठिराला पक्षी दिसला, झाड दिसले, भाऊ दिसले, समोर उभे असलेले गुरूही दिसले. त्याला बाण न सोडताच बाजूला व्हावे लागले. अर्जुनाला पक्ष्याचे फक्त मस्तक दिसले आणि तो उत्तीर्ण झाला. ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून शाळेत सांगतात व ते योग्यच आहे. परंतु लहान मुलाला धनुष्य शिकवायला बसलेल्या माणसाने या गोष्टीतील दोन बारकावे अवश्य ध्यानात घ्यावेत. एक म्हणजे तो पक्षी जिवंत नव्हता. आचार्यांनी कारागिरांकडून तो बनवून घेतला होता. दुसरे असे की, युधिष्ठिराचे उत्तर आपण समजतो तितके चुकीचे नाही. नऊ-दहा वर्षांच्या ज्या मुलाला बाण सोडण्यापूर्वी झाड, माणसे आणि गुरू एवढे सारे दिसते, त्याच्या हातून अपघात होण्याचा संभव कमी. अर्जुन होणे पुढची पायरी आहे. आरंभ युधिष्ठिरापासून करावा, असे माझे मत झाले आहे.

हा विषय मी का निवडला ते सांगतो. आमचे गाव नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आमच्याकडे तिरकामठा ही नवलाची वस्तू नाही. लग्नात, होळीत तो खांद्यावर दिसतो, एरवी भिंतीवर असतो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. येथे आल्यावर शहरातील मित्रांनी पहिल्याच आठवड्यात विचारले, "मग तुम्ही शिकार करता का?" आणि घरी गेल्यावर वडिलांनी अगदी उलट बाजूने तोच प्रश्न केला. क्रीडा विभागात मी धनुर्विद्या शिकू लागलो हे ऐकून ते म्हणाले, "शिकार तर बंद झाली. मग धनुष्य शिकून करायचे काय?" माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. मला शिकव म्हणून ती मागे लागली होती, म्हणून हा प्रश्न वादाचा न राहता घरचा झाला. गेली दीड वर्षे सुट्टीत तिला शिकवताना जे हाती लागले, आणि मार्गदर्शकांकडून जे कळले, ते येथे मांडतो.

प्रथम धनुष्याविषयी. मोठ्या माणसाचे धनुष्य मुलाच्या हाती देणे ही सर्वांत मोठी चूक होय, आणि आमच्याकडे ती सर्रास होते. धनुष्य ओढायला किती जोर लागतो ते पौंडांत मोजतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. घरच्या धनुष्याचा ताण मोजण्यास विशेष यंत्र लागत नाही. कापूस किंवा धान्य तोलण्याचा जो टांगता स्प्रिंगचा काटा असतो, त्याच्या आकड्यात दोरी अडकवून धनुष्य खाली ओढावे. वडिलांचे धनुष्य आम्ही असे मोजले तेव्हा काटा १८ किलोवर, म्हणजे ४० पौंडांवर गेला. नऊ वर्षांच्या मुलीने ते ओढायचे म्हटले तर ती कमरेतून मागे वाकते, खांदा कानाला भिडवते, श्वास कोंडते. बाण सुटतो, पण अंगाला जी वाकडी सवय लागते ती पुढे कैक महिने सुटत नाही. आठ ते दहा वर्षांच्या मुलाला १० ते १५ पौंडांचे धनुष्य पुरते. मूल ते पूर्ण ओढून, न थरथरता, मनात पाच आकडे मोजू शकले तर धनुष्य त्याच्या मापाचे आहे. दुकानातून आणलेल्या धनुष्यावर जो आकडा लिहिलेला असतो तो बहुधा २८ इंच ओढीचा असतो. मुलाची ओढ २० इंचच असेल तर प्रत्यक्ष ताण त्याहून बराच कमी भरतो. म्हणून आकडा वाचून घाबरू नये व फसूही नये, काट्यावर मोजावे.

ओढीचे माप काढण्याची रीत सोपी आहे. मुलाने दोन्ही हात आडवे पसरावेत. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून त्याला अडीचने भागावे. बहिणीचे अंतर १३० सेंटिमीटर भरले. भागाकार ५२, म्हणजे साडेवीस इंच. बाण या मापापेक्षा दोन-तीन इंच लांबच हवा. यात काटकसर करू नये. आखूड बाण पूर्ण ओढीला धनुष्याच्या आत येतो, त्याचे टोक धनुष्य धरलेल्या हातावर उतरते, आणि तशातच दोरी सुटली तर बाण तळहातात जातो. बाणाला बोथट, गोल टोक असावे. पात्याचे लोखंडी फळ मुलांच्या भात्यात असता कामा नये.

आमच्याकडील जुन्या धनुष्याला दोरीच्या जागी बांबूची चिरलेली पट्टी असते. ती टिकाऊ खरी, पण कोवळ्या बोटांना सोसत नाही. वडिलांनी बहिणीसाठी लहान धनुष्य केले त्याला वळलेली पॉलिस्टरची दोरी लावली. हे धनुष्य करताना त्यांनी दोन वेळा बांबू तासून काट्यावर मोजून पाहिला; पहिल्यांदा २० पौंड भरला, मग पोटाकडून तासत तासत १२ वर आणला. 'शिकून करायचे काय' असे विचारणारा माणूस वाट्याला आलेले काम असे निगुतीने करतो हे पाहून मला मौज वाटली. ज्यांच्या घरी असा कारागीर नाही त्यांनी काही हजारांत मिळणारे बांबूचे क्रीडा-धनुष्य घ्यावे. स्पर्धेतील रिकर्व्ह किंवा कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचा विचार दोन-तीन वर्षे करू नये. त्यांची किंमत लाखाच्या घरात जाते आणि वाढत्या मुलाला ती लवकरच अपुरी पडतात.

धनुष्य हाती देण्यापूर्वी डोळा पाहावा. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये एक लहान त्रिकोणी फट ठेवावी आणि त्या फटीतून दूरचा एखादा खांब पाहावा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या उघड्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो तो डोळा प्रबळ. बहुतेकांचा उजवा असतो. डावा निघाला तर मूल उजव्या हाताने जेवत असले तरी दोरी डाव्या हाताने ओढायला शिकवणे बरे. लहान वयात ते जमून जाते.

आता उभे राहणे. लक्ष्याकडे डावी कूस करून, पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही पायांवर सारखे वजन घेऊन उभे राहावे. धनुष्य मुठीत आवळू नये. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर ते नुसते टेकलेले असावे. आवळले की दोरी सुटताना धनुष्य वळते. हाताचे कोपर जमिनीकडे न ठेवता किंचित बाहेर फिरवावे. ही एवढीशी गोष्ट न केल्याने दोरी दंडाखालच्या आतल्या बाजूला सपकन बसते. निळे वळ उठतात आणि मूल दुसऱ्या दिवशी धनुष्याला हात लावत नाही. जुन्या चामडी बुटाचा तुकडा कापून, भोके पाडून, नाडीने मनगटाच्या वर बांधला तरी संरक्षण होते. बोटांसाठीही चामड्याचाच तुकडा.

दोरी तीन बोटांनी धरतात: तर्जनी बाणाच्या वर, मधले व अनामिका बाणाच्या खाली. अंगठा दोरीला लागत नाही. हे सांगताच बहिणीने विचारले, "दादा, मग एकलव्याचे काय बिघडले?" प्रश्न बिनतोड होता. उत्तर असे की दोरी ओढण्याच्या पद्धती जगात एकाहून अधिक आहेत. मध्य आशियात आणि पूर्वेकडे अंगठ्याने दोरी ओढत. अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून कडे घालत. आज स्पर्धेत जी तीन बोटांची पद्धत चालते ती युरोपातून आली. अंगठ्याने ओढणाऱ्याचा अंगठा गेला तर सारी विद्याच मोडते. महाभारतातही एकलव्याने पुढे धनुष्य सोडले असे नाही. तो बोटांनी बाण मारू लागला, मात्र पूर्वीचा वेग राहिला नाही, असे म्हटले आहे. कथा खरी की कल्पित हा वाद इतिहासाच्या प्राध्यापकांसाठी राखून ठेवू. परंतु ज्याने ती रचली त्याला धनुष्य कसे ओढतात हे पक्के ठाऊक होते, याविषयी मला शंका नाही.

ओढलेला हात दर वेळी एकाच जागी यावा. हनुवटीखाली तर्जनी टेकली आणि दोरी नाकाच्या शेंड्याला व ओठांना लागली की जागा सापडली. मुलाला नेम धरण्याआधी ही जागा शिकवावी. म्हणून पहिले आठ-दहा दिवस लक्ष्यावर वर्तुळे काढूच नयेत. पाच मीटरवर कोरे पोते ठेवावे. जुन्या चिंध्या ठासून भरलेले गोणपाटाचे पोते उत्तम. बाण घुसतो, मोडत नाही, आणि खर्चही नाही. भाताच्या पेंढ्या दोरीने घट्ट आवळल्या तरी चालतात, पण सैल राहिल्या की बाण आरपार जातो. मागे मातीचा बांध किंवा टेकाड असावे. भिंत नसावी, कारण बाण उलटून येतो. आठवडाभराने पोत्यावर एक फुगा बांधावा. फुगा फुटल्याचा आवाज मुलाला गुणांच्या आकड्यापेक्षा अधिक कळतो! एका वेळी अर्धा तास, वीस-तीस बाण, याहून जास्त नको. थकलेले मूल पुन्हा खांदा उचलू लागते. अंतर हळूहळू वाढवावे. सहापैकी पाच बाण पोत्यात राहू लागले की दोन मीटर मागे. मुलांना दूर मारण्याची फार हौस असते, तिला दाद देऊ नये.

धोक्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सूट नाही. बाणाशिवाय धनुष्य ओढून दोरी सोडू नये. बाणात जाणारी शक्ती मग धनुष्यातच राहते आणि ते फुटते. दररोज प्रत्येक बाण कानाजवळ धरून किंचित वाकवावा. चरचर ऐकू आली तर तो मोडून चुलीत घालावा. तडकलेला बाण सुटताना हातात शिरतो. आकाशाकडे बाण सोडणे ही तर आमच्या गावच्या पोरांची आवडती गंमत आहे. बाण कोठे उतरेल हे कोणी सांगू शकत नाही. स्पर्धेत शिट्टीची जी खूण असते तीच मी घरी चालू केली: दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला. तीन शिट्ट्या होईपर्यंत रेषेच्या पुढे कोणीही जायचे नाही. आमची शेळीदेखील नाही, असे बहीण म्हणते, आणि शेळी पुढे गेली की स्वतःच "थांबा" म्हणून ओरडते. हे मी शिकवलेले नाही. युधिष्ठिराचे उत्तर ते हेच.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. मुलाला चार बाण नीट मारता आले की ते झाडावरच्या होल्याकडे पाहू लागते, हे स्वाभाविक आहे. आमच्या आजोबांच्या काळी पुढचा धडा तोच असे. आज तो कायद्याने बंद आहे, आणि मोठ्यांनी याबाबत मुलांशी गुळमुळीत बोलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्रथम काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हीही शिकारच आहे. पक्ष्यांची अंडी व घरटी मोडणेसुद्धा त्यातच येते. म्हणजे नेम चुकला म्हणून माणूस सुटत नाही. सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल तर किमान तीन वर्षे. जप्त झालेले हत्यार सरकारजमा होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आम्हांला जंगलातील पारंपरिक हक्क दिले. त्यातूनही शिकार स्पष्ट शब्दांत वगळली आहे. रानडुकराने शेत लोळवले तरी उपाय वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करणे हाच. अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून हत्यार उचलता येत नाही. मजुरीवर चालणाऱ्या घराला असा खटला म्हणजे काय, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

ज्या देशांत धनुष्याची शिकार चालते तेथेही मुलाला काय शिकवतात हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुष्याने हरणांची शिकार करण्यास स्वतंत्र हंगाम दिला. आज तेथील अनेक राज्यांत मुले वडील माणसासोबत, सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करून शिकारीला जातात. पण बाण बंदुकीसारखा धक्क्याने मारत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. नेम थोडा चुकला तर जनावर जखमी होऊन मैलभर पळते आणि झुडपात तडफडत मरते. म्हणून तेथील जाणता शिकारी वीस-पंचवीस मीटरपलीकडे बाण सोडत नाही, आणि मुलाला प्रथम हेच शिकवतो की बाण कधी सोडायचा नाही. या अमेरिकन छंदाचे मूळही आमच्यासारख्याच एका आदिवासीकडे जाते. याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे उपाशी अवस्थेत सापडला. त्याची सारी माणसे मारली वा मेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहिला, आणि सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करणे व मारणे शिकून घेतले. इशी दोरी अंगठ्याने ओढत असे. १९१६ मध्ये तो क्षयाने वारला. १९२३ मध्ये पोपने धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले व ते पुष्कळ वाचले गेले. विद्या राहिली, ती ज्यांची होती ते राहिले नाहीत. हे वाचल्यापासून आमच्या भिंतीवरच्या तिरकामठ्याकडे मी निराळ्या नजरेने पाहतो.

आमच्या मुलांची शिकारीची हौस मारावी असे मला वाटत नाही. तिला दुसरी वाट द्यावी. जागतिक पातळीवर रानात ठेवलेल्या प्राण्यांच्या कृत्रिम प्रतिकृतींवर बाण मारण्याच्या स्पर्धा होतात. आम्ही पेंढ्याचे डुक्कर केले, गोणपाट शिवले, आणि नाल्याच्या काठी वेगवेगळ्या जागी ठेवले. बहिणीने वाकून, दबकत, वारा पाहत जायचे, अंतर डोळ्यांनी ठरवायचे आणि एकच बाण मारायचा. यातील दबकणे आणि अंतर ठरवणे शिकवायला वडील आले. ते मला येत नव्हते, आणि आमच्या मार्गदर्शकांनाही येत नसावे.

'करायचे काय' याचे दुसरे उत्तर माणसांची नावे घेऊन देता येते. राजस्थानातील उदयपूर भागातला लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरे मारीत असे. १९८७ मध्ये सरकारी निवड चाचणीत तो निवडला गेला, पुढच्याच वर्षी सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये खेळला, आणि १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन त्याने जागतिक उच्चांकाची बरोबरी केली. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. तो टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांना गेला. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे १७ व्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे सुवर्णपदक घेतले. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून मारतात. मधले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे एका मोठ्या वाटीच्या तोंडाएवढे. प्रत्येक मूल तेथे पोहोचेल असे मी म्हणत नाही. बहुतेक पोहोचणार नाहीत. पण बांबूच्या धनुष्याचा जो इंडियन राउंड आपल्याकडे खेळला जातो, ३० आणि ५० मीटरचा, त्यात उतरायला आमच्या पाड्यावरच्या मुलाला नवे साहित्य फारसे लागत नाही. लागतो तो शिकवणारा, आणि तालुक्याच्या निवडीचा दिवस वेळेवर कळवणारा कोणीतरी. दुसऱ्या गोष्टीची आमच्याकडे अधिक वाण आहे. माझ्या दोन वर्गमित्रांनी आपापल्या पाड्यांवर ते काम घेतले आहे.

शेवटी पावसाळ्याबद्दल. मारून झाले की दोरी उतरवून ठेवावी, नाहीतर बांबू वाकडाच राहतो. पावसाळ्यात बांबूला भुंगा लागतो. आमच्याकडे धनुष्य चुलीवरच्या धुरात टांगतात, ते चांगलेच, पण फार खाली टांगले तर उष्णतेने चीर पडते. हातभर वर असावे. आणि दर सहा महिन्यांनी मुलाचे हात पुन्हा मोजावेत. दिवाळीत बहिणीची ओढ साडेएकवीस इंच भरली. तिचे २३ इंची बाण आता तिच्यासाठी आखूड, म्हणून ते आम्ही चुलतभावाला दिले. तो आठ वर्षांचा आहे आणि त्याचा डावा डोळा प्रबळ निघाला आहे.